पाटावरचा पाना

सेलू, आश्विन शुद्ध ७, शके १८६५

लग्नात आप्पांनी ही वही दिली तेव्हा म्हणाले होते, "नर्मदे, तुला प्रश्न फार पडतात. सासरी सगळे विचारत बसू नकोस. निम्मे यात लिही." सहा महिने झाले. निम्मे लिहिले, आणि उरलेले निम्मे विचारलेच. काय करू, राहवत नाही.

आज लॉरीखाली काय असते ते पाहिले. ह्यांनी दोन वर्षांपूर्वी ही जुनी लॉरी घेतली आणि तिच्या दारावर 'बालाजी मोटार ट्रान्सपोर्ट' असे झोकात रंगवून घेतले. सासूबाई तिला अजून गाडाच म्हणतात. चालवायला सटवाजी आहे, दुरुस्तीही तोच करतो. हे गावात गेले होते, म्हणून मी धीर करून वाड्याच्या अंगणात उतरले आणि सटवाजीला विचारले, एवढे मोठे धूड थांबते कसे?

त्याने मला खाली वाकून एक लांब सळई दाखवली. "पायानं ब्रेक दाबला की ही सळई वढली जाती वैनी. मग आतले पट्टे चाकाला धरत्यात."

"आणि सळई सुटली तर?"

"मग गाडी देवाची," म्हणाला आणि हसला.

तेवढ्यात हे आले. मला लॉरीखाली डोकावताना पाहून कपाळाला आठ्या घातल्या, पण सटवाजीने आधीच तोंड उघडले. "मालक, पट्टे झिजून पत्र्यावानी झालेत. नवे लागतेत."

"लढाई चाललीय बाबा. मुंबईहून एक खिळा येईना, पट्टे कुठून येतील? दसरा होऊ दे, मग बघू."

मला प्रश्न पडला की दसऱ्याला लढाई थांबणार आहे का. हा विचारला नाही. लिहिला.

आश्विन शुद्ध ९, खंडेनवमी

पहाटेपासून पायाला भिंगरी. सासऱ्यांच्या वेळेपासून या घरात खंडेनवमीचा थाट मोठा. तेव्हा पाटावर तलवार, कुऱ्हाडी, विळे असत. आता तलवार राहिली नाही, सासूबाईंनी तिची जागा लॉरीच्या हत्यारांना दिली आहे. मी आणि त्यांनी मिळून सगळी पेटी रिकामी केली. नट-चाक्या आवळायचे पाने, हातोडी, पक्कड, चाक उचलायचा जॅक. राखेने घासून तेलाचा डाग ठेवला नाही. मोठा पाना मधोमध ठेवला, झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावले. खरेच देखणा दिसत होता. सासूबाईंनी दोनदा लांबून पाहिला.

घराचा नियम असा की आज बसवलेली हत्यारे आज उचलायची नाहीत. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा करून ज्याच्या हातातले हत्यार त्यानेच उचलायचे. हत्यारालाही वर्षात एक दिवस सुट्टी नको का, असे सासूबाई म्हणतात. मला हे फार आवडले.

सटवाजी सकाळीच आला होता. काल दिवसभर तो लॉरीखाली होता. जुन्या पट्ट्यांवर चामडे चढवले म्हणे. देवघराच्या दाराशी, उंबऱ्याबाहेर तो बराच वेळ उभा होता. नजर पाटावर. मला वाटले, प्रसादासाठी थांबला असेल, म्हणून हातावर खोबरे-साखर ठेवली. त्याने घेतली, कपाळाला लावली, आणि तरी हलला नाही. "सासूबाई," म्हणाले मी, "सटवाजी किती भाविक आहे बघा." त्या खूष झाल्या. मग तो काहीच न बोलता बाहेर गेला.

बाहेर ह्यांचा आवाज चढलेला ऐकू आला. "हळू चालव की! सांभाळून ने." लॉरी चारठाण्याला कापूस भरायला गेली. इथल्या जिनिंगात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, उद्या हंगामाचा मुहूर्त आहे, आणि पहिला कापूस आमच्या लॉरीतून उतरायचा आहे. तसे झाले तर वर्षभर जिनिंगाचा कापूस आम्हीच वाहायचा. आठ दिवस ह्यांना दुसरे काही सुचत नव्हते.

लॉरीलाही हार घातला होता. ती मात्र कामाला गेली. असो.

आश्विन शुद्ध १०

आज सोने वाटले नाही.

काल दिवेलागणीला निरोप आला. चारठाण्याच्या अलीकडच्या उतारावर भरल्या लॉरीचा ब्रेक लागला नाही. समोरून बैलगाडी चढत होती. सटवाजीने लॉरी बांधावर घातली, तरी मागची बाजू फिरून गाडीवर बसली. एक बैल जागीच गेला. गाडीवाला लिंबाजी म्हणून चारठाण्याचाच शेतकरी आहे, त्याचा पाय चाकाखाली आला. त्याला परभणीच्या दवाखान्यात नेला. सटवाजीला पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या माणसांनी हवालातीत घातला.

हे सबंध दिवस पडून होते. सासूबाई देवापुढे बसून एकच बोलत होत्या, "पूजेत काय चुकलं? नर्मदे, काही राहिलं का गं?" आम्ही दोघींनी सगळे पुन्हा आठवून पाहिले. काहीच राहिले नव्हते.

उत्तरपूजा झाली नाही. सटवाजीच्या हातातली हत्यारे सटवाजीनेच उचलायची, आणि तो तर कोंडलेला. सगळे पाटावर तसेच आहे.

आश्विन शुद्ध १३

बैलांच्या जोड्या लावून लॉरी ओढत आणली. माझ्या मनात आले, जिने बैल मारला तिला बैलांनीच घरी आणले. त्यांना कळले असते तर?

हे जेवायला बसले होते तेव्हा मी पटकन खाली वाकून पाहिले. सळई लोंबत होती. तिच्या टोकाला मळसूत्राच्या आट्या आहेत, त्यावर फिरवून बसवायची चाकी नव्हती. सळई मोडलेली नव्हती, वाकलेलीही नव्हती, नुसती सुटली होती. मी बोटाने आट्या चाचपून पाहिल्या, अगदी चांगल्या होत्या. मग चाकी पडली कशी? सटवाजी तर रोज गाडीखाली जातो, आणि त्याच्याकडून असे राहावे?

वर आले तर ह्यांनी विचारले, "हाताला वंगण कशाचं?" मी म्हणाले, दाराच्या बिजागरीला तेल घालत होते. लग्नानंतरची पहिली थाप. पचली.

कोजागिरी

लिंबाजीची बायको कडूबाई आली. कडेवर मूल, परभणीहून तशीच पायी स्टेशनावर, तिथून इथे. ओसरीच्या पायरीवर बसली. आरडाओरड नाही, शिव्या नाहीत. मला वाटले होते, शिव्या देईल.

"पाय काढला," म्हणाली. "गुडघ्याखालनं."

मी तिला दूध आणले, तिने मुलाला पाजले.

"माय, मला एकच कळंना," ती म्हणाली. "आमचे मालक कडंनं चालले हुते. गाडी बी हाकीत हुते नीट. समदे म्हनत्यात, डायवर पिऊन हुता. त्यो तर पडल्या पडल्या ह्यांचा पाय सोडवाया लागला. रडत हुता. तोंडाला वास न्हवता त्याच्या. मी गाडीमागनंच चालत हुते."

"सटवाजी पीत नाही," मी म्हणाले. "माळकरी आहे."

"मंग ही आवई कुणी उठवली?"

आतून हे आले. त्यांनी कडूबाईला सांगितले की अदालतीत सगळे होईल, ड्रायव्हरला सजा होईल. ती म्हणाली, "त्याला सजा हून माझ्या मालकाचा पाय येतो का? बैल येतो का?" ह्यांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली. आणि रागही आला. दोन्ही एकदम येतात हे मला माहीत नव्हते.

आश्विन वद्य ३

परभणीचे बन्सीधर वकील आले. उर्दूत वकिली करतात, बोलताना प्रत्येक वाक्याला बोट उभे करतात. मी पानसुपारी द्यायला गेले आणि दाराआड रेंगाळले. ही सवय वाईट आहे, पण माझे निम्मे शिक्षण दाराआडच झाले आहे.

"दिनकरराव, मामला सोपा आहे," वकील म्हणाले. "गाडी चालवत कोण होता? ड्रायव्हर. गाडीची देखभाल कुणाकडे? ड्रायव्हरकडे. संपलं."

"पण गाडी माझी."

"गाडी तुमची असल्यानं काही होत नाही. अदालत एकच विचारते. मालकाला इल्म होता का? ब्रेक बिघडलाय हे ठाऊक असून त्यानं गाडी धाडली का? ठाऊक असलं तर सगळं मालकावर. ठाऊक नसलं तर ड्रायव्हर भोगेल."

ह्यांनी पानाचे तबक पुढे सरकवले.

"तो म्हणतोय," वकील पुढे म्हणाले, "की चाक्या आवळायचं सकाळवर राहिलं, आणि सकाळी पाना नव्हता, पूजेत बसवला होता. म्हणून हातानंच आवळल्या. गावात कुठं मागावा तर त्या दिवशी सगळ्यांचीच हत्यारं पाटावर, आणि स्टेशनाजवळचा मिस्त्री मानवतला गेलेला. हे मी तुम्हाला सांगितलं, असंही म्हणतोय. आता हे ऐकलं कुणी?"

"कुणी न्हाई. आम्ही दोघंच होतो."

"पूजा कुणी पाहिली?"

"घरातल्या बायकांनी."

"बास. त्यांना कोण विचारतंय."

मी स्वयंपाकघरात आले. खंडेनवमीला उंबऱ्याबाहेर सटवाजी उभा होता तो प्रसादासाठी नाही. पाना मागायला. सासूबाईंसमोर त्याची जीभ रेटली नाही, आणि मी त्याच्या हातावर खोबरे ठेवले. देवा रे.

आश्विन वद्य ५

वसुबारस जवळ आली, घरात सारवण चालू. ह्यांनी मला मागच्या दारी बोलावले.

"एक काम कर. ती हत्यारं पाटावरनं काढ आणि लॉरीच्या पेटीत ठेव."

"का?"

"लय प्रश्न बाई तुझे. काढ म्हणलं की काढ."

मी देवघरात गेले. पाटावर झेंडू वाळून काळपट झाला होता, पान्यावरचे कुंकू मात्र तसेच. मी हात पुढे केला तेवढ्यात पाठीमागून सासूबाई. "काय करायलीस?"

"उचलत होते. ह्यांनी सांगितलं."

"दिनूला काय कळतं? उत्तरपूजा झाल्याबिगर हात लावायचा न्हाई. आणि ते सटवाजीच्या हातचं हत्यार हाय. तो येईल तवा तो उचलंल."

मी हात मागे घेतला. ह्यांना जाऊन सांगितले, "सासूबाई हात लावू देईनात." त्यांनी डोक्याला हात लावला. आईसमोर त्यांचे काही चालत नाही, हे गावाला ठाऊक आहे. शेवटी म्हणाले, "राहू दे. देवघरात कोण येतंय बघायला."

मला हायसे वाटले. का वाटले ते लिहीत नाही. मलाही नीट सांगता येणार नाही.

आश्विन वद्य ६

एकच प्रश्न. हत्यारांना सुट्टी होती, मग लॉरीला का नव्हती? हारही घातला होता, कुंकूही लावले होते. सासूबाईंना विचारले. त्या खूप वेळ वाती वळत राहिल्या आणि म्हणाल्या, "गाड्याचं मी कसं सांगणार? त्यो दिनूचा."

आश्विन वद्य ८

आज जे झाले ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझेच मला पटणार नाही.

सकाळी अमीनसाहेब आले. बरोबर दोन जवान, एक कारकून, आणि बन्सीधर वकीलही. साहेब मोठे अदबीचे. ओसरीवरच बसले, आत पाहिलेसुद्धा नाही. मी दाराआड. चहा झाला. मग त्यांनी विचारले, "दिनकररावजी, ड्रायव्हरचा बयान असा हाय की पाना तुमच्या घरी पूजेत होता. खरं हाय का?"

मी ह्यांच्याकडे पाहत होते. पाठच दिसत होती. सदऱ्याला घाम आला होता.

"पूजा... नेहमीसारखी झाली," हे म्हणाले. "पण पाने लॉरीतच होते. उतारावर कुठंतरी पडले असतील."

"म्हणजे पाना पूजेत नव्हता?"

"नव्हता."

अमीनसाहेबांनी कारकुनाला लिहायची खूण केली. मी तिथून निघाले. देवघरात सासूबाई फुले निवडत होत्या.

"सासूबाई," मी म्हणाले, "बाहेर अमीनसाहेब आलेत. ते म्हणायलेत की खंडेनवमीला आपल्या पूजेत पाना नव्हता."

"काय?"

"नव्हताच म्हणे. असं लिहून घ्यायलेत."

एवढेच मी बोलले. त्यांनी हातातली परडी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि चालत्या झाल्या. या घरात आल्यापासून त्यांना परपुरुषासमोर ओसरीवर गेलेले मी पाहिले नव्हते. मी मागून धावले.

"साहेब," दारात उभ्या राहून, भिंतीकडे पाहत त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी ही पूजा करतेय. एक हत्यार कधी राहिलं न्हाई. कुणी काय म्हणायचं ते म्हणू दे, लेकाचं ध्यान कापसात होतं. पाना मी बसवलाय. ह्या हातानं. पहिल्यांदा पाना, मग हातोडी, मग बाकीचं."

"आई, तू आत जा," हे म्हणाले.

"का जाऊ? माझ्या पूजेत खोट काढायलेत आणि मी आत जाऊ? नर्मदे, दोन्ही दारं उघड. साहेबांना म्हणावं तिथूनच बघा. आत यायचं न्हाई."

मी ओसरीचे दार उघडले, मग मधल्या घराचे. समोर सरळ देवघर दिसते. पाटावर पाना, वाळलेली माळ, समई.

अमीनसाहेब उठले, पायातले जोडे काढले आणि ओसरीच्या टोकावर येऊन उभे राहिले. तिथूनच पाटाकडे पाहिले. "अजून उचलला का नाही, अम्मा?"

"ज्याच्या हातचं हत्यार त्यानं उचलायचं. त्याला तुमी कोंडलाय."

वकिलांचे बोट उभे राहिले होते, ते तसेच राहिले. हे खाली बसले. मला त्यांच्याजवळ जावेसे वाटत होते, पण मी दाराची कडी धरून तिथेच राहिले.

आश्विन वद्य ९

सटवाजी सुटला. आता अदालतीत ह्यांना उभे राहायचे आहे. घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

दुपारी सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळले की कुणीतरी त्यांना सगळे समजावून सांगितले आहे.

"मी काल बोलले त्यानं दिनूला तरास होईल का गं?"

"होईल," मी म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पुसत नव्हत्या. मग म्हणाल्या, "पण पाना तर पाटावर होता ना?"

"होता."

"मग झालं," म्हणाल्या आणि उठल्या.

कार्तिक शुद्ध १२

परभणीहून हे काल परतले. दिवाळी कशी गेली ते लिहिण्यासारखे नाही.

अदालतीत मुन्सफांनी सरळ विचारले म्हणे, इल्म होता का? वकिलांनी ह्यांना आधीच पढवून ठेवले होते, की पाना घरी असेल, पण ब्रेक सैल आहे हे मालकाला कुणी सांगितले नाही. बाकावर कडूबाई बसली होती, शेजारी लिंबाजी, कुबडी घेऊन. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "होता. सटवाजीनं मला दोनदा सांगितलं. मीच गाडी धाडली." वकील खाली बसले ते उठलेच नाहीत.

हुकूम झाला. लिंबाजीच्या पायाची आणि बैलाची भरपाई ह्यांच्यावर. जिनिंगाचा कापूस दुसऱ्या कुणाच्या लॉरीतून जायला लागला आहे. आमची लॉरी अंगणात उभी आहे, तिच्या दारावरचे झोकदार अक्षर पाहवत नाही. यापुढे काय, ते ह्यांनाही ठाऊक नाही.

आज सासूबाईंनी उत्तरपूजा केली. तिथी उलटून किती दिवस झाले, पण त्या म्हणाल्या, देव थांबतो. सटवाजी आला, ओले डोके, कपाळाला बुक्का. माझ्याकडे पाहून म्हणाला, "वैनी, आज बी परसाद द्या." मला रडू आले. त्याने पाना उचलला, कपाळाला लावला आणि अंगणात गेला.

मी पाट धुवायला घेतला तेव्हा हे मागे येऊन उभे राहिले.

"त्या दिवशी अमीनसाहेब आले होते. तू आईकडं गेलीस."

"हो."

"आई काय करील, हे तुला ठाऊक होतं का?"

हा प्रश्न मी स्वतःला इतक्या दिवसांत विचारला नव्हता. लिहिलाही नव्हता. पाटावर कुंकवाचा डाग होता, पान्याच्या आकाराचा, तो घासत होते. तो निघेना.

"होतं," मी म्हणाले. "ठाऊक होतं."

मला वाटले, आता रागावतील. त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, धोतर वर खोचले आणि अंगणात गेले. सटवाजी लॉरीखाली आडवा होता. हे त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि हात पुढे केला.

"आण इकडं पाना," म्हणाले. "कसं आवळायचं ते मला दाखव."